आबांजवळ बसलेली बाई

मी नर्स होते. पूर्ण नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत. या काळात मी इतकी माणसं जाताना पाहिली, की त्यातलं कोणी परत येऊन मला दिसायचं असतं तर माझ्या क्वार्टरमध्ये पाय ठेवायला जागा उरली नसती. बरोबरच्या सिस्टर सांगायच्या – अमुक वॉर्डात पावलं वाजतात, तमुक खोलीत दिवा आपोआप लागतो. मी म्हणायचे, वायरमनला बोलवा. त्यामुळे अशा अनुभवांच्या या सदरात मी काही लिहीन असं माझ्या ओळखीच्या कोणालाच वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट घडली होती. ती मला आजही कोड्यात टाकते... आणि आता लिहून ठेवावीशी वाटते. का, ते शेवटी सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं ट्रेनिंग धुळ्याला झालं, पहिलं पोस्टिंग जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्यापासून एसटीने तासाभरावर असलेल्या एका गावात. नाव लिहीत नाही. दवाखाना गावाबाहेर, रस्त्याला लागून. कौलारू बैठी इमारत, पुढे लांबच लांब व्हरांडा, दोन टोकांना दोन वॉर्ड – डावीकडे पुरुषांचा, उजवीकडे बायकांचा. मधे ड्रेसिंग रूम आणि डॉक्टरांची खोली. मागे क्वार्टर्स. पुढे एक कडुनिंब, त्याखाली पेशंटचे नातेवाईक विटांच्या चुलीवर स्वयंपाक करायचे. एवढाच पसारा.

मी मूळची दोंडाईचाची. मी ट्रेनिंगमध्ये असतानाच आई गेली. वडील भावाकडे, आणि भावाचा संसार नवा. सुट्टीत गेले तरी आपण पाहुणे आहोत हे जाणवायचं – वहिनी चहासुद्धा ट्रेमध्ये आणायची. इकडे क्वार्टरमध्ये माझ्याबरोबर आणखी एक सिस्टर होती, तिची बदली झाली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. गावात सगळे "सिस्टरबाई, सिस्टरबाई" म्हणायचे, मान द्यायचे, पण घरी कोणी बोलवायचं नाही. एकटी पोरगी, परगावची, नोकरी करणारी... लोक जरा लांबूनच बरे. संध्याकाळी ड्युटी संपली की मी स्टोव्ह पेटवायचे, भात टाकायचे आणि रेडिओ लावून बसायचे. ऐकायचं म्हणून नाही – खोलीत माणसाचा आवाज असावा म्हणून.

त्या दिवसांत बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर अक्का होत्या.

अक्कांना लकवा झाला होता. उजवं अंग पूर्ण गेलं होतं आणि वाचाही. पुतण्या बैलगाडीतून घेऊन आला, "कपाशीची कामं उरकून येतो" म्हणाला आणि परत फिरकला नाही. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं ते केलं. उरलं ते आमचं काम – नर्सिंगचं. खाऊ घालणं, तोंड स्वच्छ करणं, चादर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला स्पिरिट-पावडर. आमच्या धुळ्याच्या ट्यूटर मॅडम सांगायच्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ बघा, तिथे नर्स कशी आहे ते लिहिलेलं असतं. अक्कांच्या पाठीवर मी एक लाल ठिपका येऊ दिला नाही.

आणि ते करताना मी बोलायचे. पहिल्यांदा नुसतं "अक्का, आता इकडे वळवते हं" एवढंच. मग हळूहळू सगळंच. भावाचं पत्र आलं नाही. स्वप्नात आई आली. बघायला आलेल्या मुलाकडून निरोप आला, नोकरी सोडणार असेल तर हो. एवढं मी कोणाशीच बोलले नव्हते. अक्का बघत राहायच्या. डोळे शाबूत होते त्यांचे, अगदी लख्ख. समजत होतं की नव्हतं, कोण जाणे. तोंडातून एक हुंकार यायचा कधीतरी, बस. त्यांचा आवाज कसा होता हे सांगायलाही कोणी नव्हतं. पण त्यांचं अंगन्‌अंग मला पाठ होतं. उजव्या मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, त्याची एक बाजू पुसट. आणि त्याच हाताची करंगळी, कधीतरी मोडून वाकडीच जुळून आलेली, बाहेरच्या बाजूला कललेली. मी रोज तो हात धरून एकेक बोट सरळ करायचे, सांधे आखडू नयेत म्हणून. करंगळी काही सरळ व्हायची नाही.

आता तो दिवस.

वैशाख होता. लग्नाची तिथ दाट. आमच्याकडच्या वैशाखातली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको – रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, वारा अंगाला चटका देतो. डॉक्टर कोर्टाच्या साक्षीसाठी दवाखान्याची जीप घेऊन जळगावला गेले होते. गावातले खाजगी डॉक्टर कुटुंबासकट लग्नाला. ड्युटीवर मी आणि आया कमलमावशी. बायकांच्या वॉर्डात अक्का आणि एक बाळंतीण, तिची आई सोबतीला. पुरुषांचा वॉर्ड रिकामा. मी अक्कांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, चादर नीट खोचली आणि मावशीला म्हटलं, चला, आता डबा खाऊन घेऊ.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. आणि त्याच्याबरोबर ओरडणं.

वऱ्हाडाची मेटॅडोर नाल्याच्या पुलावरून खाली गेली होती. नवरदेवाची गाडी पुढे निघून गेलेली, त्यांना पत्ताच नाही. शेतात ट्रॅक्टर होता, त्याने जास्त लागलेल्यांना ट्रॉलीत घालून आणलं होतं. उतरवलं आणि ट्रॅक्टरवाला उरलेल्यांना आणायला लगेच परत फिरला. व्हरांड्यात एकदम सात-आठ माणसं. नवीन कपडे, फेटे, अत्तराचा वास, आणि त्यात रक्ताचा.

सगळ्यांत पुढे नवरदेवाचे मामा. धिप्पाड गृहस्थ, हात कोपराखाली मोडलेला, आणि ओरडणं असं की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "मरी गवू! सिस्टर, आधी माले देखा!" त्यांच्यामागे सुमनबाई, नवरदेवाची आत्या – कपाळापासून डोक्यापर्यंत फाटलेलं, चेहरा पूर्ण रक्ताने भरलेला, बघवत नव्हतं. एकाचा पाय मोडलेला. दोन बायकांना काचा लागलेल्या.

ट्यूटर मॅडमचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं होतं – आवाजाकडे धावू नका, जो गप्प आहे त्याला शोधा. मी मामांना ओलांडून पुढे गेले. त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गप्प दोघं होते.

एक आबा. सुमनबाईंचे वडील, नवरदेवाचे आजोबा. पांढरंशुभ्र धोतर, नवीन टोपी, डोक्याला लग्नासाठी चमेलीचं तेल लावलेलं. शुद्ध नव्हती. घोरल्यासारखा श्वास. कानातून रक्त आणि त्यात पाण्यासारखं काहीतरी. पापणी उघडून बॅटरी मारली – एक बाहुली मोठी, उजेडाला हलेना.

दुसरी रत्ना. नवरदेवाची बहीण, करवली. अठरा-एकोणीसची. भिंतीला टेकून बसली होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही. "माले काहीच व्हयनं नही, बाई. थोडं पाणी द्या फक्त." पण ओठ पांढरे पडलेले. त्या उन्हाळ्यात कपाळ गार आणि ओलं. नाडी बोटाखाली सापडेना, सापडली तेव्हा धाग्यासारखी आणि पळत होती. पोट कडक. डावा खांदा दुखतोय म्हणाली. मला कळलं – आत रक्तस्राव होतोय. बहुतेक प्लीहा फुटली होती.

आधी आबांना कुशीवर केलं, तोंड साफ केलं, जीभ मागे पडू नये म्हणून एअरवेची नळी घातली. श्वासाचा आवाज जरा मोकळा झाला. स्ट्रेचरसकट त्यांना व्हरांड्याच्या उजव्या टोकाला, बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी सावलीत जमिनीवर ठेवलं. सुमनबाईंच्या जखमेवर जाड पॅड दाबून घट्ट पट्टी बांधली आणि जवळच्याच बाकावर आडवं केलं – "उठायचं नाही, उठलात तर चक्कर येऊन पडाल." मग रत्ना. तिला आडवं केलं, पायाकडची बाजू उंच केली, दोन्ही हातांना सलाइन. पाणी मागत होती, दिलं नाही. ओठ ओले केले फक्त.

तेवढ्यात अपघाताचं कळून गावातले कापसाच्या जिनिंगवाले शेठजी स्वतः जीप घेऊन आले. मारवाडी माणूस, कधी फार बोलायचे नाहीत. "सिस्टर, मागची सीट काढलीय. एकजण झोपून जाऊ शकेल. कोणाला घेऊ?"

एकजण.

हा प्रश्न परीक्षेत पाच मार्कांना येतो. उत्तर सोपं असतं. पण व्हरांड्यात उभं राहून ते उत्तर मोठ्याने बोलायचं असतं तेव्हा...

"या मुलीला घ्या."

मामांचं ओरडणं एकदम थांबलं. "काय? आणि आबा? घरातलं मोठं माणूस आहे ते! त्यांना इथं टाकता?"

"मामा, मुलगी आत्ता ऑपरेशनला पोहोचली तर वाचेल."

"आणि आबा?"

मी रत्नाच्या सलाइनची बाटली सोडवायला घेतली. काय सांगणार? आबांचा मार इतका होता, की जळगावच काय, मुंबईला नेलं असतं तरी... हे मला दिसत होतं. पण मी तेवीस वर्षांची होते, नर्स होते, डॉक्टर नव्हते, आणि विचारायला माझ्या वर कोणीही नव्हतं. बाकावरून सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. पट्टीखालून एक डोळा दिसत होता फक्त. त्या म्हणाल्या, "पोरले लई जा, बाई." बस, तेवढंच. बाप त्यांचा होता.

बाटल्या धरायला कमलमावशीला जीपमध्ये बसवलं. शेठजी स्वतः गाडी चालवत गेले. धुरळा खाली बसला आणि मी वळले – आता या सगळ्या माणसांसाठी मी एकटी.

माझ्या मनात एकच होतं. आबांजवळ कोणीतरी बसायला हवं. त्यांच्यासाठी आता करण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि तेही नर्सिंगच आहे. माणसाला एकट्याने जाऊ द्यायचं नसतं. पण कोण बसणार? मोडलेल्या पायातून रक्त येत होतं, ते आधी थांबवणं भाग. मामांचा हात सुजून बोटं निळी पडायला लागली होती, फळी बांधायला हवी होती. काचा लागलेली एक बाई बेशुद्ध पडली. उन्हामुळे शेठजींशिवाय गावातलं कोणी इकडे फिरकलेलं नव्हतं. मी आबांकडे बघायचे आणि दुसरीकडे जायचे. बघायचे आणि जायचे.

त्या पायाला स्प्लिंट बांधत असताना मी मान वर केली – आणि आबांजवळ एक बाई बसलेली दिसली.

म्हातारी. निळसर लुगडं, डोक्यावर पदर, माझ्याकडे पाठ. जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि आबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एक हात त्यांच्या कपाळावर. मला काय वाटलं सांगू? भीती नाही. आश्चर्यसुद्धा नाही. मला नुसतं बरं वाटलं. डोळ्यांत पाणी यावं इतकं बरं वाटलं. म्हटलं, वऱ्हाडातलीच कोणीतरी असेल, मागून आली असेल.

"मावशी," मी तिथूनच ओरडले, "त्यांना उताणं करू नका हं, मान एका बाजूलाच राहू द्या."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पण उत्तर आलं. जरा घोगरा, सावकाश आवाज, अस्सल अहिराणी. "माले माहीत शे, बाई. तू जाय. तू तुन्हं काम कर."

मी गेले. मामांचा हात बांधला. बेशुद्ध पडलेल्या बाईचे पाय वर केले, ती डोळे उघडेपर्यंत थांबले, काचा काढल्या. ट्रॅक्टरच्या दुसऱ्या खेपेत उरलेलं वऱ्हाड आलं, त्यांना नीट बसवलं. अधूनमधून तिकडे नजर जायची. बाई बसलेली असायची. हळू आवाजात आबांशी काहीतरी बोलत होती.

मग मला जरा उसंत मिळाली आणि मी आबांकडे गेले. तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आबा गेले होते. शांत. मान एका बाजूला, खाली उपरण्याची घडी. डोळे मिटलेले – कोणीतरी हाताने मिटले होते, ते आम्हाला कळतं. टोपी छातीवर ठेवलेली. धोतर सारखं केलेलं.

मी सुमनबाईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत लगेच. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही ती आजीले बसाडी, लई चांगलं कयं. मन्हा आबानं डोकं मांडीवर लीसन बठेल व्हती. बोली राहिंती त्यास्नासंगे. कपाशीनं, विहिरनं... गावाकडलं काहीतरी."

"तुमच्यातल्या नव्हत्या त्या?"

"नही वं. माले वाटनं तुमनी बाई शे."

मी मामांना विचारलं. त्यांनीही पाहिली होती. त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं होतं म्हणे, तर तिने "बाई येईल, दम धर" एवढंच सांगितलं. नंतर आलेल्या वऱ्हाडात सगळ्या बायका तरुण, जरीच्या साड्यांतल्या. निळं लुगडं कोणाचंच नाही, आणि आम्हा तिघांशिवाय त्या आजीला कोणी पाहिलेलंही नाही.

"आणि हात तिचा," सुमनबाई म्हणाल्या, कपाळावरून हात फिरवून दाखवत. "करंगळी अशी बाहेर. मोडेल व्हई. मी तेच देखी राहिंती – दुसरं काही दिसे ना माले, रगतमुळे."

 त्या क्षणी मला आठवलं, की मीही तो हात पाहिला होता. आबांच्या पांढऱ्या केसांवर ठेवलेला, मनगटावर हिरवं गोंदण. मी पाहिला होता, रोज पाहायचे तोच हात – आणि कामाच्या गडबडीत तो माझ्या डोक्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

तो उजवा हात होता. हलत होता.

वॉर्डात जायला चार पावलं. मला ती टाकवेनात. शेवटी गेले. अक्का खिडकीजवळच्या कॉटवर, मी दुपारी ठेवल्या तशाच – डाव्या कुशीवर, पाठीशी उशी, चादर मी खोचली तशीच खोचलेली. गाढ झोपल्या होत्या. दिवसभर शेतात राबून आलेली बाई झोपते तशा, तोंड जरा उघडं. मी "अक्का, अक्का" केलं, गालावर थोपटलं. उठल्या नाहीत. नाडी बघितली, चांगली होती. नुसती झोप.

कूस बदलायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. मी चादर काढली. अक्कांचं लुगडं निळं होतं. खानदेशात निम्म्या म्हाताऱ्यांचं असतं, त्यात काही नाही. पण मांडीवर लुगड्याला मोठा तेलकट डाग होता. मी वाकले. चमेली.

आमच्या वॉर्डात खोबरेल होतं फक्त.

बाळंतिणीच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही दोन्ही मायलेकी दाराकडे पाठ करून पडलो होतो, बाई. बाळाला ते रगत दिसायला नको म्हणून. मागं काय झालं, माहीत नाही."

संध्याकाळी डॉक्टर एसटीने परत आले – जीप जळगावातच बिघडली होती. मी त्यांना सगळ्या केसेस सांगितल्या. हे सांगितलं नाही. मग पुढे एकदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "स्ट्रेसमध्ये होतं असं. तू जेवलेली नव्हतीस, ऊन होतं." मी म्हटलं, सर, मामासुद्धा उपाशी होते का? ते हसले आणि विषय संपला. डॉक्टर वाईट नव्हते. 

मीही सगळे विचार केले. दुसरी कोणी बाई आली असेल, रस्त्याने जाणारी. तिचीही करंगळी मोडलेली असेल. तेलाचा हात कोणाचा तरी लागला असेल. एकेक गोष्ट सुटते. सगळ्या मिळून सुटत नाहीत. आणि लकव्याने गेलेल्या अंगात असं क्षणभर बळ येऊन परत जातं, असं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, कुठल्या डॉक्टरांकडून ऐकलं नाही. त्यातून चादर? ती आतून कशी खोचणार?

अक्का दुसऱ्या दिवशी जाग्या झाल्या. मी त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसले. "अक्का, तुम्ही होतात ना?" त्या बघत राहिल्या. नेहमीसारख्याच. मी तो उजवा हात हातात घेतला – लाकूड झालेला, जड. पुष्कळ वेळ धरून बसले. काही नाही.

खरं सांगायचं तर मला राग आला त्यांचा. इतके दिवस मी बोलत होते, त्या एकदाही बोलल्या नाहीत. आणि कोण कुठला अनोळखी म्हातारा, त्याच्याशी कपाशीच्या, विहिरीच्या गप्पा. मला काय, तर जा, काम कर. वेड्यासारखं होतं हे, मला कळत होतं. पण एकटं राहणाऱ्या माणसाला कशाकशाचा हेवा वाटेल, सांगता येत नाही.

श्रावणात मी भावाकडे बारशाला गेले होते. परत आले तर खिडकीजवळच्या कॉटवर टायफॉइडची पोरगी. कमलमावशी म्हणाली, अक्का झोपेतच गेल्या, पुतण्याला निरोप पाठवला तर तो आला आणि घेऊन गेला. कुठे नेलं ते तिला सांगता आलं नाही.

रत्ना वाचली. तिची प्लीहा काढली, दिवाळीनंतर तिचंही लग्न झालं. हे मला सांगायला सुमनबाई आल्या. कपाळावर व्रण, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत नवं लुगडं होतं, हिरवं, काठाचं.

"त्या आजीले दी द्या," म्हणाल्या. "कुठं ऱ्हास त्या? मीच जास."

मी त्यांना खोटं सांगू शकले असते. पण व्हरांड्यात त्याच बाकावर बसून सगळं सांगितलं – अक्का कोण, लकवा, तेलाचा डाग, सगळं.  त्यांनी लुगडं परत पिशवीत ठेवलं, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर कडुनिंबाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तू जेवनीस का?"

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत होतं त्यांच्याजवळ. आम्ही दोघींनी तिथेच खाल्लं.

त्यानंतर त्या दरवर्षी यायच्या. माझी बदली कुठेही होवो – पारोळा, शिरपूर, शेवटी धुळे – त्या शोधत यायच्या. कधी डाळ, कधी ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, कधी नुसत्याच. मी लग्न केलं नाही, त्यावरून रागवायच्या. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. दोघींनी पाहिलं होतं, दोघींना माहीत होतं, आणि जगात आणखी एक माणूस आपल्यासारखंच न समजलेलं घेऊन जगतंय, एवढं पुरायचं.

मामा फार पूर्वीच वारले. सुमनबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. मला कळलं तोपर्यंत दिवसही होऊन गेले होते.

म्हणून लिहिलं. तुमच्यापैकी कोणाला याचा अर्थ लागला तर जरूर सांगा, मला लागलेला नाही, आता लागेल असंही वाटत नाही. पण आबांजवळ बसलेली ती बाई ज्यांनी पाहिली, त्यांतली आता मी एकटीच उरले आहे.